उभ्या बायला दिलेला रंग

सतराव्या वर्षी मला सगळं कळत होतं. त्यानंतर इतकं सगळं मला पुन्हा कधीच कळलं नाही. आता साठी गाठताना तर चष्मा कुठं ठेवला हेही नातीला विचारावं लागतं, आणि तो बहुतेक वेळा माझ्या डोक्यावरच असतो. पण त्या वर्षी खाडीच्या आमच्या अंगाला माझ्याएवढं शहाणं माणूस नव्हतं. दहावी झालेली आळीतली पहिली मुलगी. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि बोलताना मध्येच ‘वस्तुतः’ असा शब्द टाकायची खोड. ‘आय, वस्तुतः आज भात कच्चा हाय,’ असं एकदा बोलले, तर आईनं हातातली पळी फिरवली ती अजून कोपराला आठवते. त्या कमलला आज मी भेटले तर आधी तिच्या रिबिनी सोडीन, मग एक चापट देईन, आणि मग जवळ घेऊन बसेन. कारण पुढं काय होणार होतं ते मला ठाऊक आहे आणि तिला नव्हतं.

आमचं घर मिठागराच्या बांधाला चिकटून होतं. पुढच्या अंगाला मिठाचे चौकोनी वाफे, मागच्या अंगाला आमचं खारीतलं शेत, पावसात एकदा भात देणारं आणि उरलेलं वर्ष भेगा दाखवत पडून राहणारं. भरतीचं पाणी बांधातल्या उघाडीच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या, फळ्यांवर थडकायचं तो आवाज मला अंथरुणात ऐकू यायचा आणि किती वाजले ते त्यावरून कळायचं. त्या दिवसांत न्हावा शेव्याकडं बंदराचे खांब ठोकत होते. खाडीच्या पाण्यावरून दिवसभर आवाज यायचा, धप्प, धप्प, थोडं थांबून पुन्हा धप्प. आई चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली की तिची थाप बरोबर त्या धप्पच्या मध्ये पडायची. ‘बग गो,’ ती बोलायची, ‘सरकार बी माझ्याबरोबर भाकऱ्या करतंय. पन खायाला येक बी न्हाय धाडली.’ भाकरीबरोबर जवळा, नाहीतर वालाचं बिरडं, नाहीतर भाऊ मोऱ्या खाजणातून चिंबोऱ्या धरून आणायचा त्यांचा रस्सा. मोऱ्याला चिंबोऱ्या धरण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं, पण तेवढं त्याला फार चांगलं येत होतं.

आणि बाबा. माझा बाबा मिठागरात कामाला जायचा आणि त्याच्या टाचांना मिठानं पडलेल्या चिरा होत्या, इतक्या खोल की लहानपणी मी त्यांत भाताचे दाणे बसवून बघायची. तो मला कमल म्हणायचा नाही, ‘मास्तरीन’ म्हणायचा. दुपारी जेवून ओटीवर टेकला की मी त्याला पेपर वाचून दाखवायची, आणि तो डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच बोलायचा, ‘हां, हितं जरा लबाडी वाटते. पुन्ना वाच.’ लबाडी त्याला बरोबर कळायची. यावरून मी असं धरून चालले होते की जो लबाडी ओळखतो तो करत नाही. सांगितलं ना, मला सगळं कळत होतं.

आमच्या त्या मागच्या शेतात उभी बाय होती. काळा दगड, बाबापेक्षा दीड हात उंच, खांद्याशी जरा रुंद, आणि खाडीकडं किंचित कललेली. तिला नाक नव्हतं, डोळे नव्हते, काही घडवलेलं नव्हतं. खाडीच्या बाजूच्या अंगावर फक्त सात खळगे होते, वाटीएवढे, एकाखाली एक नाही, असेच विखुरलेले. म्हशी तिला अंग घासायच्या, बगळे डोक्यावर बसायचे. तिला देऊळ नव्हतं, जत्रा नव्हती. पण लग्नाचं पहिलं आवतण तिलाच जायचं. आमच्याकडं तेव्हा लग्न लावायला भट लागायचा नाही, धवलारीण लागायची. ती बाई धवले गात गात मांडव घालण्यापासून सासरी पाठवणीपर्यंत सगळं लावून द्यायची. गावची धवलारीण होती बाबाची थोरली बहीण, रखमाआत्या. कुणाच्याही घरी लग्न निघालं की ती आधी एकटी शेतात जाऊन बायसमोर पहिला धवला गायची, आणि नवरीची उष्टी हळद तिच्या अंगाला फासायची. त्यापलीकडं काही नाही. शेंदूर नाही, तेल नाही. मी एकदा विचारलं होतं, तर आत्या बोलली, ‘पावसानं धुतली जाईल तेवढीच तिला लावायची. ती आपल्याआदीची हाय, आपन तिला आपल्यासारखी करायची न्हाय.’ मला हे अडाणीपणाचं वाटलं होतं. वस्तुतः.

पुस्तकात एक धडा होता, जुन्या वस्तूंविषयी. गावात काही पुरातन आढळल्यास खात्याला कळवावे, असं शेवटी लिहिलेलं. बाकी पोरींनी तो धडा वाचून परीक्षा दिली. मी पोस्टकार्ड घातलं. त्यात ‘सविनय’, ‘प्राचीन’ आणि ‘आपली विश्वासू’ असे तीन शब्द होते आणि तिन्ही लिहिताना मला गुदगुल्या झाल्या. उत्तर आलं ‘श्री. कमल यांस’. बाबानं ते सगळ्या आळीला दाखवलं. ‘आमच्या घरात आता तीन बाप्ये झालं,’ तो हसत होता. त्या हसण्यात काही नव्हतं, एवढं मी आजही त्याच्या बाजूनं सांगेन. तेव्हा काही नव्हतं.

भात कापून शेत मोकळं झालं तेव्हा खात्याकडून एक बाई आल्या. एसटीनं आल्या, बांधावरून चालत आल्या आणि आमच्या दारात पोचेपर्यंत एक बूट चिखलाला देऊन आल्या. तिशीच्या असतील. खांद्याला पिशवी, पिशवीत टेप, कागद, कोळसा. मोऱ्या गेला आणि चिखलात हात घालून त्यांचा बूट चिंबोरीसारखा बाहेर काढून घेऊन आला. संध्याकाळपर्यंत गावानं त्यांचं नाव दगडबाई ठेवलं होतं, आणि मी त्यांच्या प्रेमात पडले होते. दुसरा शब्द नाही. त्या जशा दगडाभोवती फिरत होत्या, बोटांनी खळगे चाचपत होत्या, कागद लावून वरून कोळसा घासत होत्या आणि कागदावर एकेक गोल उमटत होता, ते बघून मला वाटलं की मला दुसरं काहीही व्हायचं नाही, हेच व्हायचं आहे. मी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. दिवसभर ते टोक मी इतकं घट्ट धरलं की बोटावर वळ उठला.

‘लोखंड वापरायच्या काळातला असेल, कदाचित त्याच्याही आधीचा,’ दगडबाई आमच्या ओटीवर चहा पिताना बोलल्या. ‘कुणासाठी उभा केला, का केला, कुणालाच सांगता येणार नाही. पण माणसांनी मुद्दाम उभा केलाय. ते खळगे आहेत ना, ते पाण्यानं पडलेले नाहीत, माणसानं दगडावर दगड आपटून केलेत. तेच त्याचं सर्टिफिकेट.’

‘मंग आता पुडं काय करायचा, बाय?’ बाबानं विचारलं.

‘मोठे साहेब येऊन बघतील. त्यांना पटलं की यादीत जाईल. यादीत गेला की आजूबाजूला खोदायचं नाही, भराव टाकायचा नाही, बांधकाम करायचं नाही. कुणालाच नाही, कुठल्या कंपनीलासुद्धा नाही. तोवर त्याची जपणूक करा.’ मग माझ्याकडं वळून, ‘तूच लक्ष ठेव. खारी हवा आहे, खळग्यात पाणी साठतं, दगडाला ते बरं नाही. आधीच किती वर्षं काढलीत त्यानं.’

बाबाची बिडी ओठांपाशी जाता जाता थांबली. मला वाटलं, तो भारावला. आमच्या शेतात एवढी मोठी गोष्ट उभी आहे हे ऐकून माझ्या बाबाच्या हातातली बिडी थांबली, असं मी रात्रभर मनात घोळवलं. पेपरातली लबाडी बाबाला कळायची. बाबाच्या बिडीतली मला कळली नाही.

महिन्याभरानं पत्र आलं की मोठे साहेब अमुक दिवशी येत आहेत. बाबानं त्याच आठवड्यात रखमाआत्याला खाडीपलीकडच्या गावी एका लग्नासाठी पाठवून दिलं. ‘तिकडं धवलारीन न्हाय, तुलाच बोलावतात. जा, चार दिस रहा,’ बोलला, आणि स्वतः होडीपर्यंत सोडून आला. परत येताना त्याच्या हातात रंगाचे डबे होते. होडीला लावतात तो रंग, तांबडा, आणि एक छोटा डबा चंदेरी. दुसऱ्या हाताखाली सिमेंटची अर्धी पिशवी.

‘मास्तरीन,’ तो ओटीवर टेकून बोलला, ‘त्या बाय काय बोलल्या? खाऱ्या हवेनं दगड खराब व्हतो.’

‘व्हय.’

‘मंग आपन होडी कशी राखतो? लाकूड सडू नये म्हनून रंग देतो. फटीत पानी जाऊ नये म्हनून फटी बुजवतो. शिकलेल्या मानसाला मी सांगायचा काय?’

एवढंच. त्यानं मला यापलीकडं काही सांगितलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती. समुद्राकाठच्या माणसाला ‘जपणूक’ म्हटल्यावर रंगाचा डबाच दिसतो. दरवर्षी पावसाआधी होडी उलटी करायची, घासायची, बुजवायची, रंगवायची. जी गोष्ट रंगवली नाही ती टाकून दिलेली. मी हे लहानपणापासून बघत आले होते. आत्याचं ते पावसानं धुण्याचं मला आठवलंसुद्धा, पण आत्याला पोस्टकार्ड कुठं लिहिता येत होतं?

दोन दिवस लागले. मी सिमेंट कालवलं आणि सातही खळगे भरले, थापीनं इतके सारखे केले की हात फिरवला तर कळू नये. मला त्या सफाईचा केवढा अभिमान वाटला. मग तांबडा रंग, दोन हात. बाबा बांधावर बसून सांगत होता, ‘हितं राहिला बग. आता बायला डोळं काड. साहेबासमोर आंधळी उभी ऱ्हाईल काय?’ मी चंदेरी रंगानं डोळे काढले. मोठे, टपोरे, पापण्यांसकट. चित्रकलेत मला नेहमीच चांगले गुण असायचे. आईनं जुनं हिरवं लुगडं आणून तिला गुंडाळलं आणि पदर काढला. आई हसत नव्हती. मी विचारलं, ‘काय गो आय?’ तर बोलली, ‘काय न्हाय. घाम आलाय.’

दुसऱ्या दिवशी जिताडा रांधला. जिताडा ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, हा मासा आमच्याकडं शेतातल्या तळ्यात पोसतात आणि पोसणारा तो सहसा खात नाही. तो जातो साहेबलोकांकडं, काहीतरी काम असतं तेव्हा. आमच्या तळ्यातला जिताडा तीन वर्षांचा होता आणि मी त्याला पावसाळ्यात पाण्याबाहेर तोंड काढताना बघितलं होतं. आईनं त्याच्या तुकड्या तळल्या, डोक्याचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत लावली. दगडबाईंसाठी वेगळं बिरडं केलं. मी केळीची पानं पुसत होते आणि मनात म्हणत होते, केवढा मान देतोय बाबा माझ्या पोस्टकार्डाला.

जीप बांधापाशी थांबली. मोठे साहेब उतरले, मागून दगडबाई. शेताच्या अर्ध्यावरच दगडबाईंची पावलं थांबली. मी पुढं धावत गेले होते, त्यांचं तोंड बघायला, कारण मला वाटलं होतं की त्या खूश होतील. ती गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. मी अक्षरशः त्यांच्या तोंडाकडं टक लावून उभी होते, शाबासकी घ्यायला.

‘हा तो?’ साहेब बोलले.

दगडबाई दगडापाशी गेल्या. लुगडं सारून त्यांनी खाडीकडच्या अंगावर हात फिरवला. वरून खाली, पुन्हा वर. हाताला तांबडा रंग लागला.

‘खळगे कुठायत?’ साहेबांनी विचारलं.

‘कसलं खळगं, साहेब?’ बाबा हात जोडून पुढं आला. ‘ही आमची देवी हाय. माज्या बापानं आनलेली. तिकडल्या खाणीतून गाडीवर घालून आनली नि हितं बसवली. मी लहान व्हतो, मला चांगला आठवतं.’ मागं गावातले पाच-सहा जण उभे होते. त्यांनी माना हलवल्या. एक जण तर बोलला, ‘व्हय, बैल दमलं व्हतं त्या दिशी.’ बैलसुद्धा आणले होते त्यांनी.

मी बाबाकडं बघत राहिले. माझा आजा मिठागरात कामाला होता आणि त्यानं आयुष्यात कधी गाडी-बैल बाळगले नव्हते. मला वाटलं, बाबा साहेबाला घाबरला असेल. मला वाटलं, बाबा खोटं बोलतोय म्हणजे त्याच्यामागं काहीतरी खरं असणार, आणि ते तो मला नंतर सांगेल. माणसावर विश्वास असला की डोकं किती मेहनत घेतं बघा.

‘सर, मी स्वतः बघितलेत,’ दगडबाई बोलल्या. ‘सात होते. ठसे घेतलेत मी.’

‘ठसे कुठल्याही दगडाचे घेता येतात. मालक म्हणतोय बापानं बसवला. आता देवीच्या अंगावरचा रंग खरवडा म्हणून सांगू मी गावाला?’

तेव्हा दगडबाई माझ्याकडं वळल्या. ‘हिनं पत्र लिहिलं होतं, सर. हिला विचारा. कमल, तू सांग. होते ना?’

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बाबाचा हात माझ्या खांद्यावर आला. जड नव्हता तो हात, दाबलाही नाही. नुसता आला, जसा पेपर वाचताना यायचा. माझ्या नखांत सिमेंट होतं. मी होय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग ते कुणी बुजवले, आणि त्याचं उत्तर मी होते. मी मान हलवली. आडवी. नाही, अशी. तोंडातून शब्द काढला नाही, पण मान पुरेशी झाली.

साहेबांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि ओटीवर येऊन जिताडा खाल्ला. दोनदा वाढून घेतला. दगडबाईंनी पानाला हात लावला नाही. त्या जीपमध्ये जाऊन बसल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. त्यांनी पाणी घेतलं नाही. ‘ते पत्र तूच लिहिलं होतंस ना?’ एवढं विचारलं, आणि माझं उत्तर न ऐकता दुसरीकडं बघू लागल्या.

त्यानंतरच्या सोमवारी दुसरी जीप आली. तिच्यातून उतरलेल्या माणसाच्या बुटांना चिखल लागला नव्हता. तो सरळ आमच्या ओटीवर आला, बाबाला नावानं हाक मारली, आईला ‘वहिनी’ म्हणाला आणि कुठं बसायचं ते त्याला ठाऊक होतं. बंदर सुरू झालं की कंटेनर ठेवायला एका कंपनीला मोठं यार्ड पाहिजे होतं. आमचं शेत, शेजारची शेतं, थेट बांधापर्यंत. बदल्यात घरटी एक नोकरी. मी आतून ऐकत होते. बोलणी नवी नव्हती. ती गेल्या पावसाळ्यापासून चालू होती, माझं पोस्टकार्ड जायच्याही आधीपासून. अडलं होतं ते फक्त एका दगडापाशी, आणि तो अडथळा मी घातला होता आणि मीच काढला होता.

‘आय, तुला ठाव व्हता?’

आई वाल सोलत होती. ‘सगल्यांना ठाव व्हता गो.’

‘मोऱ्याला?’

‘त्याच्यासाटीच तर केला सगला. तो काय जलमभर चिंबोऱ्या धरील?’

म्हणजे मोऱ्याला ठाऊक होतं. मान हलवणाऱ्या त्या पाच-सहा जणांना ठाऊक होतं. चहाच्या टपरीवर ठाऊक होतं. ज्या घरात मी एकटी वाचू शकत होते, त्या घरात मी एकटीच अडाणी होते.

तो माणूस गेल्यावर मी बाबासमोर जाऊन उभी राहिले. मला खूप बोलायचं होतं. पुस्तकी शब्दांची मोळी बांधून आणली होती. तोंडातून निघालं एवढंच, ‘मला का न्हाय सांगितला?’

बाबानं माझ्याकडं बघितलं. चिडला नव्हता, लाजलाही नव्हता. पेपरात अवघड शब्द आला की मी त्याला समजावून सांगायची, तशा आवाजात त्यानं मला समजावून सांगितलं. ‘सांगितला असता तर तू लावला असतास रंग?’ आणि जरा थांबून, ‘पत्र तू धाडलेला. मी किती बी बोललो तर साहेब बोलला असता, जमिनीसाटी बोलतोय. तुज्या मानेवर इस्वास ठेवला त्यानं.’

यात एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच मी ते अजून विसरले नाही. मला रागावता यावं इतकीही लबाडी त्यानं त्या बोलण्यात शिल्लक ठेवली नव्हती.

रखमाआत्या लग्नाहून परत आली आणि होडीतून उतरून घरी न येता थेट शेतात गेली. मी लांबून बघत होते. तिनं लुगडं सोडून बाजूला ठेवलं, मग घरून रॉकेल आणि नारळाची शेंडी मागून घेतली आणि घासायला लागली. मी गेले आणि दुसऱ्या बाजूनं घासायला लागले. ती मला जा बोलली नाही, ये बोलली नाही. संध्याकाळपर्यंत आम्हा दोघींना फक्त ते चंदेरी डोळे पुसता आले, तेही धड नाही. बाय तोंडावर ओघळ आल्यासारखी दिसायला लागली. होडीचा रंग चांगला होता. बाबानं त्यात कंजुषी केली नव्हती. सिमेंटापाशी आत्याचं बोट थांबलं. तिनं नखानं टोकरलं, माझ्या हाताकडं बघितलं, आणि शेंडी खाली ठेवून उठली.

आठ दिवसांत मशीन आलं. साखळी बांधून ओढलं, तेव्हा कळलं की बाय जितकी वर होती जवळजवळ तितकीच खाली होती. गाडीवर घालून आणलेल्या दगडाला एवढे पाय नसतात, हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसलं आणि कुणीही बोललं नाही. तिचे दोन तुकडे झाले. ते कुठल्या भरावात गेले ते मी पुढं फार जणांना विचारलं. ज्यांना ठाऊक असेल असं वाटायचं ते सगळे म्हणायचे, ठाऊक नाही.

त्यानंतर आत्या कुठल्याच लग्नात गायली नाही. माझ्याही नाही. माझ्या लग्नात ती आली, जेवली, मला हळद लावली, आणि बायका आग्रह करू लागल्या तेव्हा बोलली, ‘पयलं आवतण कुनाला देऊ?’ माझं लग्न भटानं लावलं, भोंग्यावर. गावातली बाकीचीही तशीच व्हायला लागली, आणि आता तर धवलारीण कशाला म्हणतात ते माझ्या सुनेला मला सांगावं लागलं.

मोऱ्यानं यार्डातली नोकरी अकरा दिवस केली. बाराव्या दिवशी ‘हितं शाळंसारखं बसवतात’ म्हणून ट्रॉलरवर निघून गेला तो गेलाच. कंपनीनं कळवलं, घरातलं दुसरं कुणी पाठवा, लिहिता-वाचता येणारं असेल तर बरं. घरात तसं एकच माणूस होतं. पुढची सत्तावीस वर्षं मी त्या यार्डाच्या ऑफिसात कंटेनरचे नंबर लिहिले, आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर. माझ्या टेबलाच्या खिडकीतून तिसरी रांग दिसायची, आणि तिसऱ्या रांगेत डाव्या हाताला बाय उभी होती, तिथं एकावर एक चार कंटेनर असायचे. त्या पगारावर माझं घर उभं राहिलं, पोरगा शिकला, बाबाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यामुळे बाबाला शिव्या घालायच्या तर मला जेवणाआधी कधी घालता आल्या नाहीत. पोटभर जेवून मगच घालाव्या लागल्या. तो शेवटपर्यंत मला मास्तरीन म्हणत राहिला आणि मी शेवटपर्यंत त्याला पेपर वाचून दाखवत राहिले. त्या दगडाचा विषय आम्ही दोघांनीही पुन्हा काढला नाही. मला बाबा आवडायचा. हीच तर सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

गेल्या थंडीत एक कॉलेजातली पोरगी घरी आली. किनाऱ्यावरचे हरवलेले जुने दगड शोधत होती. उरलेल्यांना तरी सरकारी संरक्षण मिळावं म्हणून. जुन्या फायलीत आमच्या गावाचं नाव तिला सापडलं होतं. शेरा असा होता: दगड अलीकडचा, मालकाच्या वडिलांनी बसवलेला, गावातील मुलीनेही खळगे नसल्याचे दर्शविले. खाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘असहमत’. दगडबाईंचं असणार. त्यांचे कोळशाचे ठसे मात्र फायलीत नव्हते. त्या पोरीला माझं नाव ठाऊक नव्हतं. कुणीतरी जुनं माणूस म्हणून माझ्याकडं पाठवलं होतं.

माझा मुलगा समोर बसला होता. त्याचे तीन ट्रेलर त्याच यार्डात चालतात. मी तोंड उघडायच्या आत तो बोलला, ‘मॅडम, आईचं वय झालंय, तिला आता नीट आठवत नाही. ते देवीचं काहीतरी होतं, पणजोबांनी बसवलेलं. आम्ही लहानपणापासून तेच ऐकलंय.’ आणि माझ्याकडं बघून हसला, समजुतीनं. बाबाचं हसणं. त्याला वाटलं, आई मान हलवेल.

‘बाळा,’ मी त्याला बोलले, ‘तू ऐकलंस ते मीच तुला सांगितलं होतं. आता गप बस.’ मग त्या पोरीला, ‘लिही. दगड जमिनीच्या जितका वर, तितका खाली. खाडीकडच्या अंगावर सात खळगे.’

‘आई, काय गरज आहे का? यार्डवाले उद्या मला विचारतील!’

‘विचारू देत. म्हाताऱ्या बाईचं नाव सांग.’

पोरगी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. ‘आजी, खळग्यांचा काही पुरावा आहे का? म्हणजे फोटो वगैरे? नाहीतर फायलीतला शेरा तसाच राहील.’

‘पुरावा मी बुजवला. सिमेंट कालवून, या हातानं. फायलीतली ती मुलगी मीच. तिथं आता नाव घाल.’

तिचं लिहिणं थांबलं. मग हळूच विचारलं, ‘आणि बुजवायला कुणी सांगितलं होतं?’

मुलगा खुर्चीवरून उठला. ‘आई, आजोबांचं नाव नको. प्लीज.’ हे मात्र तो धंद्यासाठी बोलला नाही, ते मला कळलं. त्यालाही तो आवडायचा.

बाहेर यार्डाकडं एक ट्रेलर मागं घेत होते, त्याची पिक पिक चालू होती. ती थांबेपर्यंत मी थांबले. मग बाबाचं नाव सांगितलं, त्याच्या बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि तिनं नीट लिहिलं की नाही ते चष्मा लावून वाचून बघितलं.